तुझ्या पत्रातलं कंसातलं वाक्य

"नमस्कार ताई, मी ग्राफिक डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. फायनल प्रोजेक्टचा सिनॉप्सिस, म्हणजे थोडक्यात लेखी आराखडा, द्यायला दहा दिवस उरलेत आणि माझे तीन विषय गाइडनी परत पाठवलेत. पहिला मानसिक आरोग्यावर जनजागृती मोहीम, दुसरा पर्यावरणावर पोस्टर मालिका, तिसरा एका काल्पनिक ब्रँडची आयडेंटिटी. तिन्ही वेळा शेरा एकच, 'यात कॉन्सेप्ट नाहीये.' कॉन्सेप्ट म्हणजे नक्की काय हवंय विचारलं, तर म्हणतात, 'ते तूच शोधायचं.' वर्गातल्या सगळ्यांचे विषय ठरलेत. मी रोज रात्री इंटरनेटवर दुसऱ्यांचे प्रोजेक्ट बघत बसते, आणि जे काही सुचतं ते कुणीतरी आधीच केलेलं असतं. घरी दाखवावं असंही कुणी नाही. (धाकट्या भावाला हिरवा आणि तपकिरी सारखाच दिसतो, म्हणून त्याला माझी कामं दाखवणं मी सोडूनच दिलं.) एखादा युनिक विषय सुचवाल का? आणि गाइडना नेमकं काय हवं असतं, तेही सांगा. तुमची, दहा दिवसवाली."

प्रिय दहा दिवसवाली,

युनिक विषय मी सुचवणार नाही. सुचवला तर तो माझा होईल आणि ज्युरीसमोर, म्हणजे परीक्षकांसमोर, त्याची बाजू मात्र तुला मांडावी लागेल. उधारीचा विषय पहिल्याच उलट प्रश्नाला गळून पडतो. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून मी हे पाहिलंय.

आधी गाइडच्या शेऱ्याबद्दल. 'कॉन्सेप्ट नाहीये' एवढंच म्हणून वही परत करणं हा आळस आहे, इथे मी तुझ्या बाजूची. पण शेरा चुकीचा नाही. त्यांनी कल्पना मागितली आणि तू तिन्ही वेळा विषय दिलास. 'पर्यावरण' हा विषय. 'मानसिक आरोग्य' हाही विषयच. विषय कधी चुकत नाही, हीच त्याची गोची आहे. 'पर्यावरण' खोटं कसं ठरणार? कल्पना मात्र चुकू शकते. तिच्यात एक माणूस असतो, त्याचं कुठेतरी अडलेलं असतं, आणि ते का अडलंय याबद्दल तुझा एक अंदाज असतो. तो अंदाज तपासता येतो, फसला तर बदलता येतो. अंदाजच नसेल तर करण्यासारखं एकच काम उरतं, सजावट. मग रंगसंगती तीनदा बदलायची, फॉन्ट पाचदा बदलायचा आणि सबमिशनच्या आदल्या रात्री मॉकअप, म्हणजे काम प्रत्यक्षात कसं दिसेल त्याची नकली चित्रं, लावायचे.

लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा तुम्हाला पहिल्या वर्षीच दाखवला असणार. पण तो दाखवताना 'सोपेपणा', 'ग्रिड' वगैरे शब्द येतात आणि मुद्दा राहून जातो. हॅरी बेक हा तिथल्या सिग्नल विभागात आराखडे काढणारा ड्राफ्ट्समन. 'लंडनची भुयारी रेल्वे' हा विषय त्याच्या आधी नकाशे काढणाऱ्या सगळ्यांचाच होता. १९३१ मध्ये त्यानं जो आराखडा केला त्यामागे एक हटवादी अंदाज होता: जमिनीखालच्या प्रवाशाला डोक्यावर कोणता रस्ता आहे याच्याशी देणंघेणं नसतं. पुढचं स्टेशन कोणतं आणि गाडी कुठे बदलायची, एवढं कळलं की झालं. हे एकदा मान्य केलं की आडव्या, उभ्या आणि ४५ अंशांच्या रेषा, गर्दीचा मध्यभाग फुगवणं, लांबची उपनगरं आत ओढणं हे सगळं ओघानं येतं. तो आराखडा आधी नाकारला गेला होता. १९३३ मध्ये खिशात मावेल असा छापून वाटला, तेव्हा लोकांनीच तो उचलून धरला. अंदाज चुकला असता तर लोक हरवले असते, आणि बेकला तसं लगेच कळलं असतं.

माझ्या स्वतःच्या शेवटच्या वर्षाचंही सांगून टाकते. विषय होता 'एकटेपणा'. चोवीस पोस्टर्स. रिकाम्या खुर्च्या, अर्ध्या उघड्या खिडक्या, भरपूर मोकळी जागा आणि एका कोपऱ्यात आठ पॉइंटच्या बारीक अक्षरांत एक ओळ. छपाई देखणी झाली होती. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरच्या परीक्षक, म्हणून आलेल्या बाईंनी सगळी पोस्टर्स शांतपणे पाहिली आणि विचारलं, "हे कुणी बघायचंय? कुठे उभं राहून?" मी म्हणाले, "सगळ्यांनी." त्या म्हणाल्या, "बरं." पुढे काही नाही. ते 'बरं' अजून कानात आहे. आठ पॉइंटची ती ओळ भिंतीवर लावल्यावर मलासुद्धा वाचता येत नव्हती, हे मला त्या क्षणापर्यंत जाणवलं नव्हतं.

आता तुझ्या पत्रातल्या कंसाकडे ये. काखेत कळसा म्हणतात तो तिथे आहे. भावाला हिरवा आणि तपकिरी सारखाच दिसतो, म्हणून त्याला काम दाखवणं तू बंद केलंस. जरा परत वाच हे. वाचकाला दिसेना, तर तू मांडणी बदलण्याऐवजी वाचकच काढून टाकलास. रागावू नकोस, हे आम्ही सगळे करतो. पण तू ते कबूल केलंस आणि कंसात टाकलंस, तिथेच माझी नजर अडकली.

रंगांधळेपणा हा शब्द फसवा आहे. अशा बहुतेकांचं जग काळंपांढरं नसतं. डोळ्यातल्या ज्या पेशी लाल आणि हिरवा यांतला फरक टिपतात त्यांतल्या एका प्रकारात गडबड असते, म्हणून काही रंगांच्या जोड्या जवळजवळ सरकतात. हिरवा-तपकिरी ही त्यातली एक. निळा-जांभळा आणि फिका गुलाबी-करडा याही जोड्या अडतात, आणि त्या कुणाच्या लक्षातही येत नाहीत. या गडबडीची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषाकडे ते एकच, त्याला बदली नाही, म्हणून हे मुलांमध्ये कितीतरी जास्त दिसतं. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ पैकी एकाला, तर बायकांत २०० पैकी एकीला. इतर वंशांत प्रमाण थोडं कमी आहे, पण शाळेच्या वर्गात एखादा मुलगा निघावा इतकं असतंच. भावाची नीट तपासणी झाली नसेल तर नेत्रतज्ज्ञाकडे होऊ दे. ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायचे ते तक्ते बघितले असशील. जपानी डॉक्टर शिनोबु इशिहारा यांनी १९१७ मध्ये काढलेले ते तक्ते आजही वापरतात. निदान हे तुझं काम नव्हे, ते प्रोजेक्टमध्ये ओढू नकोस.

आणि कृपा करून आता 'रंगांधळेपणा: एक जनजागृती मोहीम' असा सिनॉप्सिस लिहू नकोस. विषय बदलला, रोग तोच राहिला.

त्याऐवजी एक संध्याकाळ भावासोबत बस. 'तुला काय त्रास होतो' असं विचारू नकोस, त्याला सांगता येणार नाही. जे कधी दिसलंच नाही त्याची उणीव जाणवत नाही, आणि अशी माणसं लहानपणापासून पळवाटा काढत आलेली असतात. त्याची पुस्तकं, त्याचे खेळ, त्याचा फोन बाहेर काढायला लाव आणि तो ते वापरत असताना फक्त बघ. चार्जरचा एकच दिवा असतो, चार्ज होताना लाल आणि भरल्यावर हिरवा. तो काय करतो? बहुतेक दिव्याकडे बघतच नाही, पडदा उघडून आकडा बघतो. नकाशात कोणता प्रदेश कुठल्या रंगाचा हे त्याला सूचीवरून कळतं, की तो शेजाऱ्याला विचारतो? पुस्तकात चार रेषांचा आलेख आणि खाली रंगांच्या चार चौकोनांची सूची असेल, तर त्याचं बोट कितीदा खालीवर जातं? डोकं आणि बोट कुठे रेंगाळतं, तेवढं टिपून ठेव. रात्रीपर्यंत अशा दहाबारा जागा हाताशी येतील. त्यातली एकच घे. दोन घेतल्यास तर दोन्ही अर्ध्या होतील.

माझ्या हातात असतं तर मी तो आलेख घेतला असता. चार्जरचा दिवा बदलायचा तर कारखाना लागतो, आलेखाचं पान बदलायला तू पुरेशी आहेस. शिवाय तिथे डिझाइनची खरी कुस्ती आहे. झाक बर्टिन या फ्रेंच नकाशाकारानं १९६७ मध्ये दाखवून दिलं की कागदावरच्या खुणेत फरक करायला जागा, आकारमान, गडद-फिकेपणा, पोत, रंग, दिशा आणि आकार असे सात मार्ग असतात. सातांतला एक रंग. मग पाठ्यपुस्तकातला आलेख सगळं ओझं त्या एकट्यावर का टाकतो? कारण सॉफ्टवेअर आपोआप तसाच काढतं आणि आपण तो तसाच उचलतो. (यात मीही आले. एका वार्षिक अहवालात मी बारा तुकड्यांचा पाय चार्ट बारा रंगांत दिला होता. त्यावर बोलायला नको.)

आता कल्पना लिहून बघ. मी माझी लिहिते, तू तुझी कर: 'आलेखातल्या रेषेचं नाव रेषेपासून लांब, रंगाच्या चौकोनाशेजारी ठेवलेलं असतं, म्हणून माझ्या भावाला रेषा ओळखता येत नाही. नाव रेषेच्या टोकालाच ठेवलं तर रंग ओळखण्याची गरज संपते, आणि ज्यांना रंग नीट दिसतात त्यांनाही तो आलेख लवकर वाचता येतो.' यातलं दुसरं वाक्य धाडसाचं आहे, कदाचित चूकही असेल. तेच तुला हवंय. गाइडना याच्याशी भांडता येईल. ते म्हणतील, रेषा टोकाशी एकमेकींत गुंतल्या तर नावं कुठे ठेवशील? नऊ रेषा असतील तर? नकाशाला टोकच नसतं, तिथे काय? हे प्रश्न आले की आनंद मान, कारण त्यांची उत्तरं देता देताच प्रोजेक्ट उभा राहतो. गडदपणाच्या पायऱ्या, तुटक रेषा, पोत, नावांचा क्रम आणि रेषांचा क्रम जुळवणं, एका गजबजलेल्या आलेखाचे चार छोटे आलेख करणं, असं बरंच करून बघावं लागेल.

'हे आधीच कुणीतरी केलंय' ही तुझी भीती इथेही येणारच, म्हणून मीच सांगून टाकते. केलंय. मिगेल नेइवा या पोर्तुगीज डिझायनरनं मिन्यो विद्यापीठात पदव्युत्तर प्रबंधासाठी नेमकं हेच दुखणं घेतलं होतं, साधारण २००८ मध्ये. त्यातून 'कलर-अ‍ॅड' नावाची चिन्हलिपी निघाली. तीन मूळ रंगांना तीन साधी चिन्हं, आणि दोन चिन्हं जोडली की त्यांचा मिश्र रंग. पोर्तोच्या मेट्रोच्या नकाशावर ती आहे, 'ऊनो' या पत्त्यांच्या खेळाची एक आवृत्तीही तिच्यात निघाली. जपानमध्ये मासाताका ओकाबे आणि केइ इतो यांनी आठ रंगांचा असा संच बांधला की रंगदृष्टी वेगळी असली तरी ते आठ रंग एकमेकांत मिसळत नाहीत. शास्त्रीय आलेखांत तो सर्रास वापरतात.

मग तुझ्यासाठी काय उरलं? पुष्कळ. नेइवाची लिपी वापरायची तर आधी ती शिकावी लागते. खेळाच्या पत्त्यांना ते चालतं, पत्ते रोज हातात असतात. पण परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणारा मुलगा नवी लिपी शिकेल का? ओकाबे-इतोंचा संच रंगच वापरतो, फक्त शहाणपणानं. काळ्यापांढऱ्या झेरॉक्समध्ये तो निम्मा मरतो, आणि विद्यार्थी झेरॉक्सवरच जगतात. बघ, दोन चांगली उत्तरं समोर ठेवली आणि त्यांच्या मधली फट लगेच दिसली. दुसऱ्यांचं काम बघायचं ते असं, 'हे कुठे तोकडं पडतं' या प्रश्नासाठी. रात्री नुसतं स्क्रोल करत बसलीस की धीर तेवढा खचतो. 'युनिक' हा शब्द वहीतून खोडून टाक. ज्युरीत मी तो ऐकला की माझा पेन आपोआप खाली ठेवला जातो.

तपासणीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथेच बहुतेक प्रोजेक्ट ढेपाळतात. मुलं 'युजर फीडबॅक' म्हणून मैत्रिणींची चार वाक्यं छापतात: 'खूप छान', 'आय लव्ह इट'. त्याला काडीचा अर्थ नाही. तू जुना आलेख आणि तुझा आलेख घे, दोन्हींवर सारख्या अवघडपणाचे पाच प्रश्न काढ. 'तिसऱ्या वर्षी कोणती रेषा सगळ्यात वर आहे?' अशा जातीचे. उत्तर बरोबर की चूक आणि किती सेकंद लागले, एवढंच नोंदव. निम्म्यांना जुना आधी दाखव, निम्म्यांना नवा आधी, नाहीतर सरावाचा फायदा नेहमी दुसऱ्यालाच मिळेल. रंगदृष्टी वेगळी असलेले पाचसहा जण आणि बाकीचे तेवढेच, इतके मिळाले तरी शेवटच्या वर्षासाठी पुष्कळ झाले. सिद्धता म्हणून त्याचा डांगोरा पिटू नकोस, इतक्या थोड्या माणसांवर तो शोभत नाही. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'प्रूफ सेटअप' या मेनूखाली रंगांधळेपणाचे दोन दृश्यप्रकार असतात, ते रोजच्या कामात वापर. पण ते भावाची जागा घेऊ शकत नाहीत. सॉफ्टवेअर तुला अंदाजे रंग दाखवतं. माणूस कंटाळला कुठे, ते त्याला कळत नाही.

तपासणीवर मी एवढी का अडून बसते, तर एका प्रोजेक्टमुळे. क्रिस्टियन बुर या डच विद्यार्थ्याला स्वतःला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचताना अक्षरं-शब्द ओळखण्याची अडचण, होती. २००८ मध्ये उट्रेख्टच्या कलाशाळेत त्यानं शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून एक फॉन्ट केला, 'डिस्लेक्सी'. अक्षरांचे तळ जाड, सारखी दिसणारी अक्षरं मुद्दाम वेगळी, म्हणजे ती वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे उलटीपालटी होणार नाहीत. माणूस खरा, अडचण खरी, अंदाज स्वच्छ. जगभर गाजला तो फॉन्ट. पुढे संशोधकांनी मोजून पाहिलं, तर अक्षरांच्या त्या खास आकारांचा वाचनाला फायदा दिसला नाही. जो थोडा दिसला तो अक्षरांमधल्या आणि शब्दांमधल्या वाढीव जागेचा होता, आणि तेवढी जागा साध्या फॉन्टला दिली तरी तोच परिणाम. म्हणून त्याचा प्रोजेक्ट वाईट ठरत नाही. उलट, जागेचा मुद्दा एवढा लखलखीत पुढे आला तो त्यानं काहीतरी ठाम करून ठेवल्यामुळेच. फक्त तुझ्या हातात चौदापंधरा आठवडे असतील तर अर्धा फसलेला अंदाज तूच शोधून काढ आणि प्रोसेस बुकात, म्हणजे काम कसं घडत गेलं त्याच्या वहीत, तसा लिही. चुकलेल्या तीन मांडण्या आणि त्या का टाकल्या, ही पानं ज्युरी सगळ्यात जास्त वेळ बघतात. निदान मी तरी.

घरातल्या माणसावर प्रोजेक्ट करणं 'छोटं' वाटेल तुला. डेबोरा अ‍ॅडलर न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समध्ये शिकत असताना तिच्या आजीनं चुकून आजोबांची गोळी घेतली. दोघांच्या बाटल्या जवळजवळ सारख्या. अ‍ॅडलरनं प्रबंधासाठी औषधाच्या बाटलीचं लेबलच घेतलं. दुकानाचं नाव सगळ्यात ठळक असायचं आणि औषधाचं नाव खाली कुठेतरी, तो क्रम तिनं उलटा केला. सपाट बाजूची बाटली आणि घरातल्या प्रत्येकासाठी वेगळ्या रंगाची कडी या रूपात 'टार्गेट' कंपनीनं २००५ मध्ये ते बाजारात आणलं. फार सुंदर काम आहे. पण आता ती कडी तुझ्या भावाच्या हातात दे. लाल कडी कुणाची आणि हिरवी कुणाची? इतक्या नावाजलेल्या कामातसुद्धा तुझ्यासाठी एक कोपरा शिल्लक आहे.

दर वेळी कुणाची तरी अडचण सोडवलीच पाहिजे असाही माझा हट्ट नाही. संग मून या विद्यार्थ्यानं ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमध्ये 'झेडएक्सएक्स' नावाचा फॉन्ट केला. माणसाला वाचता येईल पण अक्षरं ओळखणारं यंत्र गोंधळेल, असा. पाळतीपासून तो कुणाला खरोखर वाचवेल असं नाही, पण 'माझं लिहिलेलं आणखी कोण वाचतंय?' हा प्रश्न तो पानावर उभा करतो. असा प्रोजेक्टही चालतो, त्यातही अंदाज आहेच. तुझा कल तिकडे असेल तर खुशाल जा. पत्रावरून मला तसं वाटलं नाही.

गाइडना काय हवं असतं, हे विचारलंयस. भांडायला काहीतरी हवं असतं, बाकी फारसं नाही. तेव्हा पुढच्या भेटीला स्लाइड नेऊ नकोस. नमनाला घडाभर तेल जातं त्यात: मूडबोर्ड, रंगपट्टी, 'इन्स्पिरेशन'. भावाच्या पुस्तकातलं एक पान ने, त्याचं बोट जिथे अडलं तिथे पेन्सिलनं खूण कर, शेजारी तुझं हातानं काढलेलं कच्चं पान ठेव आणि कल्पनेची ती दोन वाक्यं वाचून दाखव. ते पुन्हा 'कॉन्सेप्ट नाही' म्हणाले तर विचार, "यातलं कोणतं वाक्य चूक वाटतं?" या प्रश्नाला गोल उत्तर देता येत नाही.

दहा दिवस पुरतात. पहिले दोन फक्त बघण्यात घालव, तिसऱ्या दिवशी लिहायला बस. सिनॉप्सिस एका पानाच्या वर गेला तर समज की विषय परत आत शिरला.

ता.क. भावाला आधी विचार. त्याचं नाव, फोटो किंवा त्याला काय दिसत नाही हे प्रोसेस बुकात छापलेलं त्याला चालेल का, हे त्यालाच ठरवू दे. नको म्हणाला तर 'एक शाळकरी मुलगा' एवढंच लिही. आणि हो म्हणाला, तर पहिला प्रिंट गाइडच्या आधी त्याला दाखव.